मधली फुगडी

चारूनं पिशवीतून दोन डंबेल काढले आणि हॉलमधल्या सतरंजीवर ठेवले. जांभळे, रबरी, तीन-तीन किलोचे.

"हे काय आणलंस गं?" मी विचारलं.

"जिमवरून सरळ इकडेच आले. आठवड्यातून तीन दिवस लावलंय. हे घरी करायला दिलेत."

"आणि आपण इथं करतो तो काय, नुसता वेळ घालवायचा उद्योग?"

सगळ्या हसल्या. त्यांनी हसावं म्हणूनच मी बोलले होते. चारूही हसली, तिनं ओढणी कमरेला आवळली आणि नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्यात आमचं मंगळागौरीच्या खेळांचं मंडळ होतं. चौदाजणी, चाळिशीपासून सत्तरीच्या पुढपर्यंतच्या. आता कार्यक्रमांना बोलावणी येत होती, पण सुरुवात झाली ती आमच्या दोघींच्या सुटलेल्या पोटांमुळे. मला आणि चारूला डॉक्टरांनी एकाच महिन्यात वजन उतरवायला सांगितलं. सकाळी फिरायला जायचा दोघींनाही कंटाळा. तेव्हा चारूच म्हणाली, "वैजू, लहानपणी खेळायचो ते खेळ खेळूया की. घाम निघाल्याशी कारण." झिम्मा, पिंगा, कोंबडा, सुपं नाचवणं, सगळं आठवून आठवून पुन्हा बसवलं. वर्षभरात माझं सात किलो वजन उतरलं, चारूची शुगर ताब्यात आली, आणि शेजारणी आपणहून विचारायला लागल्या.

मी मंडळाची अध्यक्ष. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं बोलायचं काम माझं, आणि बोलायला मला फार आवडतं. माझं एक वाक्य ठरलेलं होतं. "आपल्या आज्या कधी जिममध्ये गेल्या होत्या का?" इथं थांबायचं. टाळ्या पडायच्या. मग म्हणायचं, "नाच हाच आपला व्यायाम, दुसरं काही लागत नाही." एका वर्षी एका पेपरनं ते वाक्य आमच्या फोटोखाली छापलं. ते कात्रण मी लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं होतं.

आणि आता माझीच जोडीदारीण डंबेल घेऊन आली होती.

जोडीदारीण म्हणजे फुगडीतली. आमच्या कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असायचा. त्याला आम्ही 'मधली फुगडी' म्हणायचो. बाकीच्या बायका भोवती पिंगा घालायच्या आणि मध्ये आम्ही दोघी. देवधरकाकू पेटीवर गाणं हळू सुरू करायच्या, मग लय वाढवत न्यायच्या, आणि शेवटी आमची तोंडंसुद्धा लोकांना दिसायची नाहीत इतक्या वेगानं आम्ही गरगरायचो. तीन मिनिटं. पायाला पाय भिडवायचे, हातांची फुली घालायची आणि मागे रेलायचं. अंगाचा सगळा भार समोरच्या बाईच्या बोटांवर सोडून द्यायचा. बघणाऱ्याला वाटतं सगळी करामत पायांची आहे. खरं काम बोटं करतात.

तालीम संपल्यावर मी विषय काढलाच.

"हे जिमचं खूळ कुठून आलं डोक्यात?"

"हाडांची तपासणी करून घेतली. ठिसूळ व्हायला लागलीत म्हणे."

"मग रोज नाचतेस ना तू?"

"नाचून दम वाढतो, वैजू. वजन उतरतं. ताकद नाही येत. ती वेगळी कमवावी लागते."

"हे त्या जिमवाल्या पोरीनं पढवलं वाटतं."

"हो. आणि मला पटलं."

"अगं, आपल्या आज्या कधी..."

"आपल्या आज्या पहाटे उठून दळायच्या," चारूनं मला मध्येच तोडलं. "विहिरीचं पाणी ओढायच्या. डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन चढण चढायच्या. आणि नाचायच्या वर्षातून चार-सहा दिवस. आपण त्यांचं नाचणं तेवढं उचललं. बाकीचं सगळं मिक्सरला आणि मोटारीला देऊन टाकलं."

उत्तर सुचलं नाही की मी चेष्टेवर येते, ही माझी जुनी खोड.

"दंड फुगले की नऊवारीवरचं ब्लाऊज पैलवानाच्या मापाचं शिवायला टाकावं लागेल हं तुला."

पुन्हा सगळ्या खिदळल्या. देवधरकाकू तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या, मंडळात सगळ्यात वडील. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "चारू, बायकांनी वजनं उचलू नयेत. अंग बाहेर येतं."

"घागरी उचलून नाही आलं का काकू?"

"तेव्हाच्या बायका वेगळ्या होत्या," काकू म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी," चारू म्हणाली आणि तिनं डंबेल पिशवीत भरले.

आता जे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. वर्षभरापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा मुळाशी दुखत होता आणि पकड जात चालली होती. ओली चादर पिळता येत नव्हती. नारळ खवायचं मी सोडूनच दिलं होतं. लोणच्याची बरणी नवऱ्याच्या हातात द्यायची आणि "किती घट्ट झाकण लावता हो तुम्ही," असं वर त्यांनाच सुनवायचं. फुगडी मात्र होत होती. मी मनाला समजवायची, फुगडी होतेय ना, मग हाताला काही झालेलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, की रोज एवढा व्यायाम करणाऱ्या बाईला हे कसं झालं? आणि दुसरा, मग मधली फुगडी आता कोण घालणार? त्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या दोघीजणी मंडळातच होत्या. त्या दोन प्रश्नांची मला भीती वाटत होती, हाताची नाही.

श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा होती, तिला पंधरा दिवस राहिले असताना चारूनं मला बाजूला घेतलं.

"वैजू, या वेळी बोटांची कडी नको. मनगटं धरूया."

"का?"

"पकड पक्की बसते. वेगात सुटत नाही."

"मनगटं धरली की बांगड्या फुटतात. आणि दिसतं कसं ते, पोलिसानं चोर धरल्यासारखं."

"बांगड्या कमी घालू."

"श्रावणात? आणि स्पर्धेत? परीक्षक काय म्हणतील?" मला आता चेव आला होता. "एवढी वजनं उचलतेस, मग तुला कसली भीती वाटते?"

चारू माझ्या हातांकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "बोटांनी धरू."

मी जिंकले असंच मला वाटलं.

स्पर्धा शनिवारी दुपारी होती, एका मंगल कार्यालयात. पाच मंडळं आली होती. आमचा नंबर शेवटचा. मी माइक हातात घेतला आणि ठरलेलं बोलले. आज्यांच्या वाक्याला थांबले, टाळ्या पडल्या. त्या पडत असताना मी मुद्दाम वळून चारूकडे पाहिलं. ती नथ सारखी करत होती.

सगळे खेळ छान झाले. मग भोवती पिंगा सुरू झाला आणि आम्ही मध्ये उभ्या राहिलो. काकूंनी लय धरली. पहिलं मिनिट मजेत गेलं. दुसऱ्या मिनिटाला अंगठ्यातून कळ दंडापर्यंत गेली. मी दात आवळले. चारूचा चेहरा तेवढा समोर स्थिर होता, बाकी सगळं कार्यालय तिच्यामागे वाहत होतं. तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं वेग कमी करायला पाय रोवले. काकूंनी मात्र नेहमीसारखी लय वाढवली, लोक टाळ्यांचा ठेका द्यायला लागले, आणि मी, मला थांबायचं नव्हतं म्हणून, आणखी मागे रेलले.

माझ्या उजव्या हाताची बोटं उघडली. मी उघडली नाहीत. ती उघडली.

डावा हात चारूनं सोडला नाही. गरगरता गरगरता आम्ही पिंग्याच्या बाहेर, स्टेजच्या टोकाशी सरकलो होतो आणि कडेला तेव्हा मी होते, माझ्या पाठीमागे चार फूट खाली फरशी. तिनं त्या एका हातानं मला आत ओढलं, मी गालिच्यावर धपकन बसले आणि तिचा तोल गेला तो कडेच्या बाजूला. ती खाली पडली. पडताना तिनं उजवा हात टेकला. गाणं थांबलं होतं, त्यामुळे हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

दवाखान्यात हाताचा फोटो काढला. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. बाहेरच्या बाकांवर आम्ही सगळ्या नऊवारीत, नथा घालून बसलो होतो. येणारेजाणारे बघत होते.

"मी समोरूनच बघत होते," देवधरकाकू म्हणाल्या. "चारूनं हिसका दिला. आधी पाय रोवले आणि मग हिसका दिला."

"वजनं उचलून अंग आखडतं म्हणे," कुणीतरी म्हणालं. "लवचीकपणा जातो."

"वैजूचं नशीब म्हणून ती आतल्या बाजूला पडली."

मी उजवा हात पदराखाली घेतला. तेवढ्यात चारूचे मिस्टर, दिनकरराव, आतून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. साधा, घाबरट माणूस.

"वैजूताई, तुम्ही समोर होतात. नेमकं काय झालं?"

"एवढ्या वेगात काही कळलंच नाही हो."

"या म्हणतात तसा हिसका बसला का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"बसला असेल," मी म्हणाले.

दिनकररावांनी मान हलवली. त्यांना दोष देण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते डंबेल जिममध्ये नेऊन दिले आणि हे यापुढे बंद म्हणून सांगून आले. इकडे मंडळाची तातडीची बैठक झाली. मंडळातल्या कुणीही जिममध्ये वजनं उचलायची नाहीत, असा ठराव झाला. नेहमीप्रमाणे तो मी लिहिला. उजव्या हातानं, पेन कसंबसं धरून.

स्पर्धेनंतर चार दिवसांनी मी चारूकडे गेले. आणखी आधी जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हते. ती दिवाणावर उशांना टेकून बसली होती. प्लॅस्टरमधला हात मांडीवरच्या उशीवर. दिनकररावांनी चहा आणून ठेवला आणि ते भाजी आणायला गेले.

"काकू म्हणतात मी हिसका दिला," चारू म्हणाली.

मी कपाकडे बघत राहिले.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"मी काही बोलले नाही."

"तेच ऐकलं मी."

चहावर साय धरली. बोलायची सवय असलेल्या माणसाला गप्प बसणं किती जड जातं ते मला त्या दिवशी समजलं.

"घाम आला होता बहुतेक," मी म्हणाले. "मेंदी रंगावी म्हणून तेल लावलं होतं ना, त्यानं हात निसटले असतील."

"वैजू, फुगडीत कोण सुटलं ते बघणाऱ्यांना नाही कळत. घालणाऱ्या दोघींना कळतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मागच्या श्रावणापासून तुझी उजवी पकड सैल पडतेय. आधी अंगठा ढिला व्हायचा, मग करंगळी. तेव्हापासून दोघींचा भार मीच धरतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू काय सोडलं असतंस, फुगडी की मला?"

मला याचं उत्तर ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं, म्हणून मी ते दिलं नाही.

"माझ्या हाडांचा रिपोर्ट चांगला आला होता," चारू पुढे म्हणाली. "ठिसूळ-बिसूळ काही नाहीत. तुम्हाला सांगायला कारण हवं म्हणून ते सांगितलं. तुला धरून ठेवता यावं म्हणून जिम लावली मी. पहिल्याच दिवशी त्या मुलीला म्हटलं, बारीक व्हायचं नाही, काही नाही, मला फक्त हातांची पकड वाढवून दे. ती हसायला लागली. म्हणाली, मावशी, असं मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं डाव्या हातानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"शुक्रवारी पुन्हा बैठक आहे ना? तो ठराव मागे घ्या. माझ्यासाठी म्हणून नको. आपल्या चौदाजणींत आणखी कुणाकुणाची पकड सैल झालीय, कोण जाणे. आणि झालं ते खरं सांग. बास, बाकी मला काही नको."

"सांगते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले होते.

शुक्रवारी चारू स्वतः आली. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवलेला. दाराजवळच्या खुर्चीत बसली. मी उभी राहिले. माझं वाक्य तयार होतं, घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. चारूचा दोष नाही, हात माझा सुटला. एवढे सहा शब्द. समोर तेरा चेहरे होते. त्यातले दोन त्या मधल्या जागेवर डोळा असलेले.

"चारूला एकटीला दोष देऊ नका," मी म्हणाले. "हात दोघींचेही सुटले."

मग देवधरकाकू म्हणाल्या, "वैजू, मन मोठं आहे गं तुझं. मैत्रिणीची चूक अंगावर घेतेस."

आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मान किंचित झुकवून हसायची मला सवय आहे. मी झुकवली. मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

चारू उठली. कुणाशी काही न बोलता दाराशी गेली आणि चपलेत पाय सरकवला. मागून बकल लावायचा पट्टा असलेली चप्पल होती. तिनं वाकून डाव्या हातानं लावून पाहिला, जमेना. मी लोकांतून वाट काढत धावले, खाली बसले आणि तिचा पाय हातात घेतला.

"मी लावते, थांब."

पट्टा नवा होता, कडक. बकलातून ओढून काडी भोकात घालायला अंगठ्यानं दाबावं लागत होतं. मी दाबलं. निसटला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा मी दोन्ही हात लावले. घाम फुटला, पण तो पट्टा काही माझ्या हातून लागेना. वर बघायची हिंमत नव्हती. चारूचा पाय माझ्या हातात स्वस्थ होता, तिनं घाई केली नाही. ती वाट बघत होती, आणि पट्ट्याची बघत नव्हती हे मला कळत होतं. अजूनही वेळ होती. सगळ्याजणी पाठीमागे होत्या. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"राहू दे, वैजू," शेवटी ती म्हणाली.

तिनं पाय सोडवून घेतला आणि पट्टा तसाच मोकळा ठेवून, डाव्या हातानं कठडा धरून, ती जिना उतरून गेली.

मी चपलांच्या ढिगात तशीच बसून राहिले. शेजारी कुणीतरी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसलं. देवधरकाकू. त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि आपलं बोट माझ्या मुठीत दिलं.

"दाब बघू."

मी दाबलं. काकूंनी ते बोट सहज बाहेर काढून घेतलं.

"कधीपासून आहे हे?"

तेव्हा मी सांगितलं. माइक नव्हता, उभीही नव्हते. चादरीपासून बरणीपर्यंत, मनगटं धरायला मी का नाही म्हटलं तिथपासून दवाखान्यातल्या "बसला असेल"पर्यंत, चारूनं जिम कशासाठी लावली होती तेही, एक शब्द न गाळता सांगितलं. काकू पेटीवरच्या सराईत बोटांनी माझा अंगठा चोळत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कुणीतरी चारूला हाक मारायला गॅलरीत धावलं. तिची रिक्षा निघून गेली होती.

ठराव त्याच दिवशी रद्द झाला. पुढच्या महिन्यात आम्ही आठजणी त्याच जिममध्ये जायला लागलो, काकू धरून. मी अजून जाते. मधली फुगडी दुसऱ्या दोघी घालायला लागल्या, मनगटं धरून. चारू मंडळात परत आली नाही. भेटते, मंडईत, लग्नाकार्यात. नातवंडांचं सांगते, माझं विचारते. त्या दिवशी तिच्या माघारी मी काय काय सांगितलं ते तिच्या कानावर गेलंच असेल. तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि तिच्या तोंडावर ते सहा शब्द मी अजून बोललेले नाही.